गुळाच्या अडतीतला आउटलॉ

ऑर्केस्ट्राच्या गाडीत बसलेल्या माणसाला करायला काही नसतं. पुढे ड्रम, मागे अँप्लिफायर, मांडीवर दुसऱ्याच कुणाची तरी बॅग. रस्ता पाटणचा असो नाहीतर सांगलीचा, खिडकीतून दिसतो तो ऊसच. मग कुणीतरी कुणाची तरी उडवायला लागतं, आणि गाडी पोचेपर्यंत त्याचा किस्सा झालेला असतो. असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. धोतराला कुसळं चिकटावीत तसे ते चिकटत जातात, आणि घरी येऊन निवडायला बसलं तर निम्मे एकाच माणसाचे निघतात.

आमच्याकडे तो माणूस म्हणजे विलास.

आमचा ऑर्केस्ट्रा कराडचा, नाव ‘स्वरझुळूक’. मालक भाऊसाहेब. ते अॅकॉर्डियन वाजवायचे. त्यांचं तत्त्व एकच होतं: सिनेमातलं गाणं रेकॉर्डवर जसं वाजतं तसंच स्टेजवर वाजलं पाहिजे. गायकाला खोकायचं असेल तर आधी रेकॉर्डमध्ये खोकला आहे का ते बघायचं. सगळ्यांना मरून रंगाचा कोट सक्तीचा, मेच्या उन्हातसुद्धा. मी दिवसा साखर कारखान्यात टाइमकीपर आणि कार्यक्रमात निवेदक, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये बडबडणारा. विलास गिटारवर. त्याच्या वडिलांची गुळाची अडत होती, त्यामुळे विलासला आयुष्यात बंड करण्याइतका रिकामा वेळ होता.

* * *

त्याचे दाजी टेक्सासात इंजिनियर होते. सुट्टीवर येताना त्यांनी मेहुण्यासाठी रेकॉर्ड्स आणल्या. कव्हरवर दाढ्या वाढवलेले, केस खांद्यावर आलेले गाणारे. विलासनं आम्हाला अडतीच्या माडीवर बोलावलं आणि कव्हरच्या मागचा मजकूर मराठी करून सांगितला.

तिकडं गावाकडच्या गाण्यांना कंट्री म्हणतात. ती गाणी विकणाऱ्या कंपन्या नॅशव्हिल नावाच्या शहरात. कोणतं गाणं गायचं ते कंपनीचा साहेब ठरवणार, वाजवणारे कंपनीचे, आणि गाणं फार रडकं किंवा फार खरं वाटलं की वर व्हायोलिनं ओतून गोड करणार. ह्या दाढीवाल्यांनी साहेबांना सांगितलं, आमची गाणी आम्ही निवडणार, आमच्या चालीनं गाणार, आणि वाजवायला आमचीच माणसं घेणार. तेव्हापासून त्यांना आउटलॉ म्हणतात. म्हणजे कायद्याबाहेरचे.

गाणी चांगली होती, ते कबूल केलं पाहिजे. आवाज साधा. बाजारातून एकटा परतणारा माणूस स्वतःशीच बोलत चालला आहे, असं वाटायचं. इंग्रजी फार कळलं नाही, पण आमचा राजाराम, जो ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवायचा आणि मनानं ढोलकीवाला होता, तो म्हणाला की ह्या गड्याला घाई न्हाई, म्हणून बरं वाटतंय.

एवढं सगळं ऐकून विलासनं त्यातून काय घेतलं? दाढी. तीसुद्धा पूर्ण आली नाही. हनुवटीवर दाट, गालांवर तुरळक, पेरणी चुकलेल्या रानासारखी. भाऊसाहेबांनी दोन आठवडे ती दाढी सहन केली आणि मग काळजीनं विचारलं, “विलास, आजारी होतास का?”

* * *

नंतर फोटोची टूम निघाली. आउटलॉचा फोटो घोड्यावर पाहिजे. आता आमच्या भागात बैल मागा, म्हैस मागा, मेंढरं म्हणाल तेवढी. घोडा म्हटलं की वरातीचा. उंब्रजला एकाची पांढरी घोडी होती. विलासनं हॅट घातली, फौजेतल्या मावसभावाचे बूट चढवले, गिटार गळ्यात अडकवली आणि घोडीवर बसला. मागं उसाचा फड. फोटोग्राफर कराडहून नेलेला.

घोडीवाल्यानं आधीच बजावलं होतं की वाजवू नका. विलासला वाटलं, त्याला संगीताचं काय कळतंय. फोटोत बोटं खरी दिसावीत म्हणून त्यानं गिटार छेडली. घोडीचा सगळा जन्म वरातीत गेलेला. वाजायला लागलं की नाचायचं, एवढं तिला पक्कं माहीत. तिनं पुढचे पाय उचलले आणि ठेक्यात नाचायला लागली. विलास जसा घाबरून तारा दाबून धरी तसा आवाज आणखी निघे, आणि घोडीला आणखी चेव येई.

रोल सगळा संपला. एकाही फोटोत आउटलॉच्या हातात गिटार नाही. सगळ्यांत त्यानं घोडीची मान मिठीत धरली आहे. घोडी मात्र प्रत्येक फोटोत छान आली.

* * *

पाटणकडच्या एका गावाच्या जत्रेत दुपारचा कार्यक्रम होता. विलासनं भाऊसाहेबांच्या मागं लागून लागून एक इंग्रजी गाणं पदरात पाडून घेतलं. तुरुंगातला कैदी घरची आठवण काढतो, असं ते गाणं. लोकांना कळावं म्हणून मी आधी दोन शब्द बोललो, की आता ऐका तुरुंगात दिवस काढलेल्या एका माणसाचं दुःख. गाणं लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या भागातले लोक पाहुण्याला मध्येच उठवत नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर पटका बांधलेला एक म्हातारा स्टेजमागं आला. विलासजवळ बसला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, “कंच्या जेलात हुता? येरवडा का कळंबा?”

विलास लाल झाला. तो सांगायला लागला की नाही हो बाबा, मी कुठल्याच जेलात नव्हतो, ते नुसतं गाणं आहे, अमेरिकेतलं आहे. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून आणखी जवळ सरकला.

“असू दे पोरा,” तो म्हणाला. “पैल्यांदा लाज वाटती सांगायला. मी बी कुणाला सांगत न्हवतो.”

* * *

खरा तमाशा पोस्टरचा झाला. सिनेमात गुन्हेगाराला धरण्यासाठी भिंतीवर कागद लावतात, तसं पोस्टर विलासनं स्वतःसाठी छापून घेतलं. वर हॅटमधला चेहरा, खाली ठळक अक्षरात: ‘पाहिजे आहे: आउटलॉ विलास. जिवंत किंवा मेलेला.’

घरी पहिल्यांदा ते आईनं पाहिलं. ‘मेलेला’ वाचून तिनं पोस्टरवरून मीठमिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. त्यानंतर पोरावरून ओवाळल्या. एवढ्यावर भागलं असतं. पण ते दिवस आणीबाणीचे होते. भिंतीवर नवा कागद दिसला की पोलीस आधी वाचत आणि मग फाडत. तिसऱ्या दिवशी विलासला फौजदारांचं बोलावणं आलं.

सोबत वडील गेले, आणि साक्षीला म्हणून मला नेलं. फौजदार वयस्कर होते, कुणावर ओरडणारे नव्हते. त्यांनी भिंतीवरून काढलेलं पोस्टर टेबलावर पसरलं, मागं गोंदाला चुना चिकटलेला होता, आणि आउटलॉचा अर्थ विचारला. विलासनं सांगितला. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की वडिलांनी मध्येच म्हटलं, मोठ्यानं बोल. मग फौजदारांनी साधा प्रश्न केला, की तुम्ही नेमके कुणाच्या विरुद्ध आहात?

“कुणाच्याच नाही साहेब,” विलास म्हणाला.

फौजदारांनी त्याच्याकडे नीट बघितलं. “मग दाढी कशाला?”

प्रकरण तिथंच मिटलं होतं. फौजदारांनी चहासुद्धा मागवला. पण विलासला राहवेना. त्यानं आपणहून सांगून टाकलं की सरकारी कार्यक्रमात मी फुकट गातो. तेव्हा गावोगाव कुटुंबनियोजनाचा प्रचार चालू होता. पंधरवड्यात पाटणला मांडवात आमचा आउटलॉ उभा राहिला आणि टेक्सासच्या चालीवर ‘दोनच पुरे’ म्हणून गायला. टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली तेव्हा विलासनं हॅट काढून छातीशी धरली. परतीच्या गाडीत सगळे खिडकीतून ऊस बघत बसले, तेव्हा तोच म्हणाला की चाल तर आपलीच होती ना.

* * *

आणीबाणी उठली तसा विलास पुन्हा धीट झाला. त्या वर्षीच्या थंडीत सांगलीला हळद व्यापाऱ्यांच्या स्नेहसंमेलनात कार्यक्रम होता. विलासनं ठरवलं की आता भाऊसाहेबांशी दोन हात करायचे. सुरुवात कोटापासून. ज्याला आपलं गाणं गायचंय त्यानं आधी दुसऱ्यानं दिलेला कोट उतरवला पाहिजे, असं तो फार छान बोलला. ड्रमवाला तयार झाला, राजाराम तयार झाला, मीही झालो.

आणि कुंदा तयार झाली. कुंदा आमची गायिका. मूळची पाटणकडची, कराडात शिवणकाम करायची. तिची आई तुळसाबाई उमेदीच्या काळात एका तमाशाच्या फडात गायची. हे लोकांना कळता कामा नये, अशी भाऊसाहेबांची सक्त ताकीद होती. माझ्या निवेदनात कुंदाचा ‘घरंदाज आवाज’ असायचा, आणि आई प्रत्येक कार्यक्रमाला बरोबर यायची ती ‘सोबतीला आलेली मावशी’ म्हणून. पडद्यामागं डबा घेऊन बसायची. फडात शेकडो माणसांसमोर उभी राहिलेली बाई आमच्या ऑर्केस्ट्राच्या अब्रूसाठी पोत्यावर बसून राहायची, आणि भाऊसाहेब तिला पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातून पाठवायचे.

कुंदाला आम्हा पुरुषांसारखा कोट नव्हता. तिला मरून काठाची साडी सक्तीची होती. त्या संध्याकाळी ती आईच्या जुन्या हिरव्या लुगड्यात आली. आम्ही सगळे नुसत्या शर्टात, थंडीनं कुडकुडत उभे. शेवटी विलास आला. अंगात मरून कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

आम्ही बघतच राहिलो. त्यानं मान खाली घालून सांगितलं की आई म्हणाली गार वारं सुटलंय.

भाऊसाहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. ड्रमवाल्याला काढता येत नव्हतं, दुसरा मिळत नव्हता. निवेदकाला काढून उपयोग नव्हता. त्यांनी कुंदाची दोन्ही गाणी काढली आणि एकट्या शिस्तीत राहिलेल्या विलासला दिली. विलासनं घेतली. मला वाटलं, निदान घेताना तरी लाजेल. तर तो मला समजावायला लागला की माणसानं आत राहून बदल घडवायचा असतो.

* * *

त्याच कार्यक्रमात, विलासचं दुसरं गाणं संपल्यावर मी पुढचं निवेदन करायला माइकपाशी गेलो. कुंदा विंगेतून आली आणि माझ्या हातातून माइक घेतला. तिनं राजारामकडे बघितलं. राजारामनं बोंगो बाजूला सारले आणि पिशवीतून ढोलकी काढली. ती त्या पिशवीत कायम असायची, फक्त वाजायची नाही.

“मी कुंदा,” ती म्हणाली. “तुळसाबाईची लेक. आईनं बांधलेली लावणी म्हणती.”

पलटणीत गेलेल्या नवऱ्याला बायको विचारते, अशी ती लावणी. तू बैलाची चौकशी करतोस, विहिरीच्या पाण्याची करतोस, रानातल्या बांधाची करतोस. माझी कधी करशील? कुंदानं एक ओळ म्हटली आणि थांबली. पडद्यामागून दुसरी ओळ आली. जाडसर, थोडा फाटलेला आवाज. मग तुळसाबाई स्वतःच बाहेर आली, डबा अजून हातात, आणि लेकीच्या मागं उभी राहून पाठच्या ओळी म्हणायला लागली. तमाशात ह्याला झील धरणं म्हणतात. पुढच्या बाईची ओळ संपली की मागची बाई ती उचलते. कुंदा प्रश्न टाकायची, आणि आई त्या बायकोच्या मनातलं उत्तर द्यायची.

पुढच्या रांगांत बायका फार होत्या. संमेलनाला बाजारातल्या हमाल-तोलारांची कुटुंबंही आली होती, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणींची माणसं फौजेत. गाणं संपलं. एक बाई डोळ्याला पदर लावून बसली होती. मग टाळ्या आल्या त्या थांबेनात, आणि भाऊसाहेब अॅकॉर्डियन गळ्यात घालून तसेच उभे. रेकॉर्डवर नसलेलं गाणं कसं वाजवायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

* * *

त्या संमेलनात एका व्यापाऱ्याचे पाहुणे म्हणून मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचे साहेब बसले होते. ते स्टेजमागं आले. म्हणाले, ह्या गाण्याची रेकॉर्ड काढू.

कुंदानं दोनच गोष्टी मागितल्या. ढोलकी राजारामची पाहिजे आणि झील आईनंच धरायची. साहेब हसले आणि म्हणाले, बघू. विलास दाजींच्या इंग्रजीवर वाढलेला, त्यामुळे साहेबांशी बोलायला तोच पुढं झाला होता. त्यानं कुंदाला सांगितलं की मुंबईत ‘बघू’ म्हणजे हो. राजाराम म्हणाला, आमच्याकडं ‘बघू’ म्हंजे न्हाई. पण गेले सगळे. मीही रजा टाकून गेलो. विलास गिटार घेऊन आला, साहेब त्याचीही गिटार घेणार म्हणाले होते. येताना दाढी काढून आला. विचारलं तर म्हणाला, फर्स्ट इंप्रेशन.

स्टुडिओत साहेबांचे अरेंजर होते, म्हणजे कुणी कुठं काय वाजवायचं ते ठरवणारे. व्हायोलिनवाल्यांची ओळच्या ओळ बसवलेली. त्यांनी आधी विलासला सांगितलं की गिटारला आमचा माणूस आहे. विलासनं क्षणभरही न थांबता गिटार पेटीत ठेवली. ह्या लोकांना त्यातलं जास्त कळतं, असं तो आम्हाला म्हणाला, आणि अरेंजरना चहा हवा का ते विचारायला गेला.

मग ते राजारामकडे वळले. ढोलकीऐवजी तबला चालेल, तबलजी आलेला आहे. मग तुळसाबाई. फाटका आवाज रेकॉर्डला चालत नाही. पाठच्या ओळी कुंदानंच म्हणायच्या. राजाराम आणि तुळसाबाई बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले. तुळसाबाईनं डबा मांडीवर घेतला. तिला बाहेर बसायची सवय होती, ती आम्हीच लावलेली.

कुंदा तेवढी आत राहिली. तीही त्यांच्यामागं निघाली, तर विलासनं तिला दारात गाठलं. मी शेजारीच होतो. त्यानं तिला समजावलं की हट्ट करू नको, असा चान्स आपल्या भागातल्या कुणाला मिळालेला नाही, एकदा नाव झालं की मग काय पाहिजे ते कर. आणि म्हणाला, “अगं, कंपनीशी कोण भांडतं?”

कुंदा त्याच्याकडे बघत राहिली. परत आत गेली आणि माइकसमोर उभी राहिली. मला काचेमागं साहेबांच्या शेजारी जागा मिळाली.

व्हायोलिनं सुरू झाली, गोड आणि भरपूर. कुंदानं पहिली ओळ म्हटली. आवाज असा लागला की साहेबांनी हातातली सिगारेट तशीच धरून ठेवली. मग दुसऱ्या ओळीची जागा आली, आणि कुंदा गप्प राहिली. व्हायोलिनं वाजत गेली, तबला चालत राहिला, मध्ये नुसती मोकळी जागा. तिसरी ओळ तिनं बरोबर ठेक्यावर उचलली. चौथीला पुन्हा गप्प.

अरेंजरनी थांबवलं. त्यांना वाटलं, घाबरली. पाणी दिलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. त्यांनी पाठची ओळ स्वतः गाऊन दाखवली. तिसऱ्यांदा घेतलं. कुंदानं आपली ओळ मन लावून म्हटली, पहिल्याहून चांगली, आणि पाठच्या ओळीला ओठ मिटून, हात बांधून, वाट बघितल्यासारखी उभी राहिली.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी काचेजवळचं बटण दाबलं आणि माइकवरून शांतपणे विचारलं, की बाई, तुम्हाला ती ओळ येत नाही का.

“येती की,” कुंदा म्हणाली. “पर ती माझी न्हाई साहेब. ती भाईर बाकड्यावर बसलीया.”